ध्वनिमुद्रणाआधीचं मराठी गाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तबकडी, रेडिओ, कॅसेट यांतलं काहीच नव्हतं तेव्हा मराठी माणसं काय गात होती, कुठे गात होती आणि ते गाणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात कसं जात होतं, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शास्त्रीय संगीताचा इतिहास हा वेगळा विषय आहे. इथे जातं, मोट, फड, देऊळ, चौक आणि नाटकाचा मंडप यांतलं गाणं आहे.

"ध्वनिमुद्रणाआधी" म्हणजे नेमकं कधीपर्यंत?

एडिसनने फोनोग्राफ १८७७ मध्ये बनवला. पण भारतात व्यापारी तत्त्वावर गाणी मुद्रित होऊ लागली ती १९०२ च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जान यांच्यासह अनेकांचे आवाज त्याने मुद्रित केले. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. म्हणून मराठी गाण्यापुरती १९०२ ते १९०८ ही सीमारेषा धरायला हरकत नाही. खेड्यापाड्यांत मात्र ती रेषा कितीतरी उशिरा आली. तिथल्या बऱ्याच घरांत पहिलं यंत्र आलं ते ट्रान्झिस्टरच्या रूपाने.

रेकॉर्ड नव्हती, खपाचे आकडे नव्हते. मग गाणं लोकप्रिय झालं हे कळायचं कसं?

दुसऱ्यांनी त्याची चाल उचलली की कळायचं. नाटकाच्या जुन्या पुस्तकांत जवळजवळ प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल :" असं लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. वाचकाला ती चाल येतेच, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. कोणतं गाणं घरोघरी पोचलं होतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

दुसरी खूण म्हणजे गाण्याची ओळ म्हणीसारखी वापरात येणं. संगमनेरच्या अनंत फंदींचा (१७४४–१८१९) "बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडू नको" हा फटका, म्हणजे उपदेशाचं गाणं, घ्या. तो कोणी रचला हे ठाऊक नसलेली माणसंही आज धोपट मार्गाचा सल्ला देतात.

मराठीतल्या लोकगाण्याचा सर्वांत जुना पुरावा कोणता?

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा "मानसोल्लास" हा संस्कृत ग्रंथ सुमारे ११२९ सालचा. त्यात सरळ म्हटलं आहे की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ज्ञानदेवांनी ओवी हाती घेतली तेव्हा ती बायकांच्या तोंडी निदान दीडशे वर्षं तरी मुरलेली होती. साहित्याच्या इतिहासात ओवीचा आरंभ ज्ञानेश्वरीपासून शिकवला जातो, ते मला पटत नाही. मुसळ धरणाऱ्या हातांचा मान तिथे आधी यायला हवा.

त्याच तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने धवळे रचले. धवळे ही लग्नात गायची गाणी. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं, तिची रचना लग्नाच्या मांडवातल्या गाण्याची आहे.

जात्यावरची ओवी प्रत्यक्षात कशी गायली जायची?

पहाटे, बहुधा सगळं घर झोपलेलं असताना. दोघी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघी धरायच्या. उजव्या हाताने ओढायचं आणि मधूनच डाव्या हाताने मूठभर वैरण, म्हणजे दळायचे दाणे, जात्याच्या तोंडात सोडायची. वैरण जास्त पडली तर पीठ जाड येतं, कमी पडली तर दगडावर दगड घासतो. हात या हिशेबात गुंतलेले असताना तोंड मोकळं असायचं. दोन ओळींची एक ओवी. पहिली ओळ एकीने घ्यायची, दुसरीने ती उचलायची, आणि तेवढ्यात पुढची ओळ सुचायला अवधी मिळायचा. ओळ जात्याच्या फेऱ्यांवर बेतलेली. दळण जड असलं की ओवीही संथ व्हायची.

सुरुवात पुष्कळदा मोजणीने होई: पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला. मोजणी संपली की खरं बोलणं सुरू. माहेर, भाऊ, सासूचा जाच, मूल नसणं, नवऱ्याचा मार, पंढरीची वाट, शेजारणीशी मैत्री, सीतेचा वनवास. सीता तर जात्यावर घरचीच बाई होऊन जाते. रामाला जाब विचारणाऱ्या ओव्या गावोगाव आहेत, आणि त्या रचणाऱ्या बायकांना दिवसा चारचौघांत नवऱ्याचं नाव घेण्याचीही मुभा नव्हती. पीठ दळणं हे काम होतंच, पण ते संपेपर्यंत तिथे दुसरं कोणी फिरकत नसे. एवढा एकांत त्या बाईला दिवसभरात पुन्हा मिळत नव्हता.

साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून "स्त्रीजीवन" हा संग्रह काढला. पुढे १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहून घेतलं. त्यामुळे ज्यांना "अनामिक लोकप्रतिभा" म्हणून एका वाक्यात उरकलं जायचं, त्या बायकांना नावं मिळाली. माझ्या मते मराठी गाण्याच्या अभ्यासातलं हे सर्वांत मोठं काम आहे.

पुरुषांची कामाची गाणी नव्हती का?

भरपूर होती. विहिरीवर मोट हाकताना बैलांच्या येण्या-जाण्याच्या लयीवर मोटेची गाणी. कापणी-मळणीला रांगेने काम करताना भलरी. होडी वल्हवताना आणि जाळं ओढताना कोळ्यांची गाणी. यांत एक जण ओळ सांगतो आणि बाकीचे पालुपद धरतात, कारण सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा. इंजिन-पंप आला तशी मोट गेली आणि मोटेचं गाणंही गेलं.

पोवाडा म्हणजे त्या काळचं वर्तमानपत्र, असं म्हणतात. बरोबर आहे का?

अर्धंच. ताज्या घटनेवर पोवाडा होई हे खरं. सर्वांत जुना उपलब्ध पोवाडा अज्ञानदासाचा, १६५९ च्या अफझलखान वधावरचा. त्याबद्दल अज्ञानदासाला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असं सांगितलं जातं. पुढे तुळशीदासाने सिंहगड आणि तानाजी गायला. १७६१ चं पानिपत, १७७३ चा नारायणराव पेशव्यांचा खून, १७९५ ची खर्ड्याची लढाई, या सगळ्यांवर पोवाडे आहेत.

पण ज्याच्या दारात उभं राहून पोवाडा म्हणायचा त्याचं शौर्य त्यात मोठं होणारच. सैन्याचे आकडे फुगतात, सरदारांच्या याद्या लांबतात, कारण यादीत ज्याचं नाव आलं त्याचा नातू समोर बसलेला असतो. त्यामुळे लढाईत किती माणसं पडली हे पोवाड्यात शोधू नये. माणसांना आपल्या लढाया कशा ऐकायच्या होत्या, हे मात्र त्यात स्वच्छ दिसतं.

गाण्याची पद्धत अशी: शाहीर पुढे, हातात डफ. मागे तुणतुणं, झांज आणि झिलकरी. शाहीर भराभर ओळी टाकत जातो, मध्येच गद्यात दोन वाक्यं बोलून प्रसंग पुढे ढकलतो, आणि झिलकरी "जी जी रं जी" म्हणत सूर उचलून धरतात. त्या "जी जी"त शाहिराला श्वास मिळतो आणि पुढची ओळ आठवायला सवड मिळते. पाठांतरावर उभ्या असलेल्या कलेत असल्या जागा योजूनच ठेवाव्या लागतात.

लावणी म्हणजे फक्त शृंगार का?

नाही. शृंगारिक लावणी सर्वांत गाजली हे खरं, पण देवावरच्या लावण्या आहेत, दुष्काळावर आहेत, वेदान्ताची कोडी घालणाऱ्या भेदिक लावण्या आहेत. उत्तर पेशवाईत या प्रकाराला बहर आला. त्या काळच्या शाहिरांची नुसती यादी पाहिली तरी पुष्कळ कळतं. अनंत फंदी आणि राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. एरवी एका पंगतीला न बसणारी ही माणसं एकाच घाटात रचना करत होती आणि एकमेकांच्या तोडीस तोड समजली जात होती.

होनाजी आणि बाळा ही जोडी तर पाहण्यासारखी. होनाजीने रचायचं आणि बाळा करंजकराने गायचं, अशी त्यांची वाटणी. लोकांनी दोघांचं मिळून एकच नाव करून टाकलं. "घनःश्याम सुंदरा" ही होनाजीची भूपाळी. लावणीच्या फडावर नाव काढलेल्या कवीची रचना घरोघर सकाळी देवापुढे म्हटली गेली, आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटलं नाही.

म्हणजे लावणी आणि कीर्तन यांत आज वाटते तेवढी भिंत नव्हती?

भिंत होती, पण दार उघडं होतं. सोलापूरचे राम जोशी याचं उत्तम उदाहरण. तमाशाच्या नादापायी थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढलं, अशी हकिकत आहे. मग त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला, लावणीतही नाव कमावलं, आणि पुढे मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गाऊन त्या लोकांपर्यंत नेल्या. मोरोपंतांसारखा पंडित कवी (१७२९–१७९४) सामान्य श्रोत्यांना माहीत झाला तो बराचसा कीर्तनकारांमुळे. अनंत फंदीही अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून लावणीकडून कीर्तनाकडे वळले, असं सांगतात.

कीर्तन ही त्या काळातली सर्वांत मोठी गाण्याची शाळा होती, असं माझं मत आहे. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि दोन्हींत ओवी, अभंग, आर्या, साकी, दिंडी, पद असे नाना छंद. देवळात मागे बसलेल्या पोराला एकही अक्षर न वाचता हे सगळे छंद कानाने कळत. एकनाथांची (१५३३–१५९९) भारुडंही अशीच सोंगासकट लोकांच्या तोंडी बसली. पुढे नगर भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी येशूची कथा सांगायला कीर्तनाचाच घाट घेतला, आणि नारायण वामन टिळकांनी उपासनेसाठी अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली. श्रोत्यांचा कान कशावर तयार झाला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कलगी आणि तुरा हा काय प्रकार?

शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एका पक्षाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याच चालीवर, त्याच यमकात तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. रात्रभर चाले. उत्तर सुचलं नाही तर फडाची अब्रू जाई. पुराणातली नातीगोती, सृष्टीची उत्पत्ती, शरीरातली तत्त्वं असे विषय असत. निरक्षर म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसांनी हे ज्ञान पाठ केलेलं असे आणि ते वादात वापरता येईल इतकं पचवलेलं असे.

यांना पैसे कोण द्यायचं?

वेगवेगळ्या गाण्यांचे वेगवेगळे पोशिंदे. दरबार आणि सरदार शाहिरांना बक्षिसी देत. कीर्तनकाराला बिदागी, शिवाय आरतीच्या ताटात पडेल ते. तमाशात दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन दिलेले पैसे. वासुदेव पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारोदार फिरे आणि सुपातलं धान्य घेई. गोंधळी, वाघ्या-मुरळी, पोतराज यांचं गाणं कुळाचाराशी बांधलेलं. लग्नानंतर गोंधळ किंवा जागरण घालायचं ते ठरलेलं, म्हणून त्यांचं पोटही ठरलेलं.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्यातला मोठा आश्रय एकदम आटला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात चंगळ पाहिलेल्या शाहिरांना पुढचे दिवस जड गेले. शाहीर प्रभाकर हा सवाई माधवरावांचा रंग गाणारा कवी, आणि पेशवाईच्या ऱ्हासाचा शोकही त्यानेच गायला. सरदारांच्या जागी तिकीट काढून येणारा प्रेक्षक यायला वेळ लागला. तो आला मुंबईत. १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी राहिली, मग कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसं येऊन चाळींत राहू लागली. त्यांनी गावची भजनं आणि गावचा तमाशा दोन्ही सोबत आणले. पिला हाऊस, म्हणजे नाटकघरांच्या वस्तीच्या, परिसरात तमाशाला रोजचा प्रेक्षक मिळाला. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), मूळचे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, याच मुंबईत गाजले. घरदार आणि जात मागे टाकून ते फडात उतरले होते.

बायका सार्वजनिक ठिकाणी गात होत्या का?

गात होत्या, पण कोणत्या बाईने कुठे गायचं हे जातीने ठरवलेलं होतं. घरंदाज समजल्या जाणाऱ्या बाईला जातं, पाळणा, मंगळागौर, आश्विनातला भोंडला किंवा हादगा, खानदेश-विदर्भात भुलाबाई. हे सगळं बायकांचं बायकांत. भोंडल्याची गाणी वरवर निरर्थक वाटतात, पण सासरच्या प्रत्येक माणसाची टर उडवण्याची ती हक्काची जागा होती.

पुरुषांसमोर गाणारी बाई मात्र कोल्हाटी, मुरळी, कलावंतीण, नायकीण अशा नावांनी ओळखली जाई. तिच्या गाण्याला गर्दी व्हायची आणि तिला घरात मात्र कोणी घेत नसे. तमाशाचा सगळा डोलारा महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांच्या खांद्यावर उभा होता. ढोलकी, हलगी, तुणतुणं वाजवणारे, सूर धरणारे सुरत्ये, सोंगाड्या, नाच्या, सगळे. शहरातल्या शिकलेल्या वर्गाने एकोणिसाव्या शतकात तमाशाला "असभ्य" ठरवलं आणि त्याच्याच चाली उचलून नाटकांत वापरल्या. हा अन्याय त्या काळचा म्हणून सोडून देता येत नाही. लावणीचं कौतुक करताना आजही शाहिराचं नाव घेतलं जातं आणि ती वर्षानुवर्षं गाऊन जिवंत ठेवणारी बाई विसरली जाते.

स्वरलिपी नसताना चाल टिकायची कशी?

शब्द लिहून ठेवायला बाडं होती, चाल लिहायला काही नव्हतं. चाल ओळखायची ती दुसऱ्या गाण्याच्या नावाने. नवीन शब्द जुन्या चालीवर बसवले की शिकणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असे. यात चोरी कोणाला वाटत नव्हती, उलट ओळखीची चाल ऐकली की श्रोता लगेच सामील होई. पुणे गायन समाज १८७४ चा, आणि स्वरलिपीचे पद्धतशीर प्रयत्न बहुतांशी त्यानंतरचे. तेही शास्त्रीय गाण्यासाठी. गोंधळ्याची चाल कागदावर उतरवावी असं फार थोड्यांना वाटलं.

मग अमक्या गाण्याचा मूळ पाठ कोणता?

बहुतेक वेळा हा प्रश्नच लागू पडत नाही. गाणं प्रत्येक वेळी नव्याने उभं राही. पाऊस आला तर आवरतं घेतलं जाई, श्रोते रंगले तर वाढे, गाव बदललं की त्या गावच्या देवाचं नाव त्यात येई. शेवटची नाममुद्रा, म्हणजे "तुका म्हणे", "एका जनार्दनी", "नामयाची जनी", कवीची सही म्हणून काम करते, पण ती सही कोणालाही घालता येत होती. दुसऱ्याने रचलेला अभंग तुकोबांच्या नावावर गेला याचा अर्थ कोणी खोटेपणा केला असा नसतो. मोठ्या नावाखाली आपली ओळ टिकेल, एवढीच त्यामागची ओढ. स्वतःचं नाव पुसून ओळ जगवणारी ही माणसं मला फार जवळची वाटतात.

छापखान्याने काय बदललं?

आधी गाणं पाठ करायचं तर गाणाऱ्याजवळ बसावं लागे, आता बाजारातलं पुस्तक पुरलं. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून लावण्या, पोवाडे, आरत्या, भूपाळ्या स्वस्तात निघू लागल्या. १८९१ मध्ये एच. ए. अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी "इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे" हा संग्रह काढला. अ‍ॅकवर्थ हा मुंबईचा गोरा अधिकारी. गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे ऐकून उतरवून घेण्याचं ते काम झालं नसतं तर त्यांतले कितीतरी आज आपल्याला मिळाले नसते. त्याच वेळी हेही झालं की छापलेला पाठ "खरा" आणि गोंधळ्याच्या तोंडचा "अशुद्ध" ठरू लागला.

संगीत नाटकाचा यात वाटा किती?

फार मोठा. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत "सीता स्वयंवर" केलं तेव्हा पदं सूत्रधारच म्हणे आणि पात्रं संवाद आयत्या वेळी बोलत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये "शाकुंतल" आणि १८८२ मध्ये "सौभद्र" आणलं, आणि पात्रं स्वतः गाऊ लागली. किर्लोस्कर मूळचे बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणीची वळणं, बायकांच्या गाण्यांच्या चाली, कानडी चाली असं सगळं नाटकात आणलं. "सौभद्र"ात शंभरावर पदं आहेत. लोकांच्या ओळखीच्या चाली दिव्यांच्या उजेडात, नटलेल्या सुभद्रेच्या तोंडून ऐकू आल्या, आणि प्रेक्षक तीच पदं गुणगुणत घरी गेले. रेल्वे १८५३ मध्येच सुरू झाली होती. नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या तसं एकाच वर्षात एकच पद पुण्यात, मुंबईत आणि वऱ्हाडात गायलं जाऊ लागलं. एवढ्या वेगाने गाणं फिरण्याची ही पहिलीच वेळ.

ती सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर, जन्म १८६३, मूळचे बडोद्याचे. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा चढा, धारदार आणि तरीही गोड आवाज, असं त्यांच्या समकालीनांनी लिहून ठेवलं आहे. "वन्समोअर"वर वन्समोअर होऊन नाटक पहाटेपर्यंत लांबे. भाऊराव फेब्रुवारी १९०१ मध्ये गेले. गायसबर्ग कलकत्त्याला उतरला तो पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात. तो आवाज आपल्याला कधीच ऐकता येणार नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

या गाण्यांचा राजकारणाशी संबंध होता का?

सतत होता. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि त्यांना कुळवाडीभूषण म्हणून मांडलं. त्यांचे "अखंड" अभंगाच्या वळणाचे आहेत. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा विचार पुढे जलशांतून गावोगाव गेला. तमाशाचाच साचा घेऊन, त्यातून सावकार, भटजी आणि अज्ञान यांवर बोलायचं. दुसऱ्या बाजूला, १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे उभे राहिले. एकसारखा पोशाख केलेली पोरं नाटकातल्या गाजलेल्या चालींवर राजकीय पदं म्हणत, आणि सरकारचं त्यांवर बारीक लक्ष असे. एकमेकांना कडाडून विरोध करणाऱ्या दोन्ही बाजूंनी गाण्याचे घाट मात्र लोकांच्या ओळखीचेच निवडले.

मराठी गाणं महाराष्ट्राबाहेर गेलं का?

तंजावरला गेलं आणि तिथे रुजलं. तिथल्या मराठा राजांच्या काळात लावणी तमिळ मुलखात पोचली. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी लावण्यांची हस्तलिखितं आहेत. पुढे लावणी तमिळ भाषेत रचली जाऊ लागली, आणि कामदहनाच्या उत्सवात मदन जळाला की नाही यावर दोन पक्ष लावणीतून वाद घालू लागले. आपला कलगी-तुराच तो. मराठी कीर्तनाने तिथल्या हरिकथेलाही वळण दिलं.

हे सगळं ग्रामोफोनने संपवलं का?

थोडंसंच. तबकडीने गाण्याची लांबी कापली. दहा इंची तबकडीवर सुमारे ३ मिनिटं मावत, म्हणून रात्रभर चालणाऱ्या वगातून, म्हणजे तमाशातल्या नाटकातून, एक लावणी तेवढी उरली आणि तीही आटोपशीर झाली. गाणाऱ्याचा एकच दिवस, एकच आवाज कायमचा पक्का झाला. पुढच्यांना त्याची बरोबरी करावी लागली.

पण जात्यावरची ओवी तबकडीने मारली नाही, ती पिठाच्या गिरणीने गेली. मोटेचं गाणं पंपाने गेलं, वासुदेवाचं दान घरांना फाटकं आल्यावर कमी झालं. उलट वारीतला अभंग, लग्नानंतरचं जागरण-गोंधळ, सप्त्यातलं कीर्तन यांच्यावर रेडिओ, सिनेमा, मोबाइल असं सगळं येऊन गेलं तरी ती चालू आहेत, कारण त्यांचं निमित्त चालू आहे. गाणं ज्या खुंटीला टांगलेलं असतं ती खुंटी आधी पाहावी, असं मी गाण्याच्या प्रत्येक अभ्यासकाला सांगेन. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी घरात आणि शेतात काम करतानाच सुचलेली. मुलाने, सोपानदेवांनी, ती टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये छापून आली, म्हणून ती आपल्याजवळ आहेत. अशा किती बहिणाबाईंच्या घरी लिहून घेणारं कोणी नव्हतं?

घरातल्या आजीची गाणी उतरवून घ्यायची आहेत. काय काळजी घ्यावी?

"गाणं म्हण" असं म्हणून समोर फोन धरला की बहुतेकींना काही आठवत नाही. हाताला काम द्या. सूप, जातं, निवडायचं धान्य, मांडीवर मूल, काहीही. लय हातात आली की ओळी येतात. गाणं कोणत्या कामाचं, कोणत्या महिन्यातलं, कोणाकडून शिकलं, माहेरचं की सासरचं, हे विचारून त्याच ध्वनिफितीत बोलून ठेवा. अडखळणं, विसरणं, मध्येच हसणं कापू नका, कारण ओळ कशी जुळते ते तिथेच कळतं. बोली प्रमाण भाषेत आणू नका, "ळ"चा "ल" किंवा "य" होत असेल तर तसाच लिहा. एकच ओवी दुसऱ्या दिवशी वेगळी आली तर दोन्ही ठेवा. आणि आजीचं पूर्ण नाव, माहेरचं नाव आणि गाव पहिल्या ओळीत लिहा. नावासकट गाणं कुठे द्यायचं असेल तर आधी तिला विचारा. काही ओव्या ज्यांच्याविषयी असतात ती माणसं अजून घरात वावरत असतात.